कर्व्ह्ड की फ्लॅट? दुचाकीवर रोज वापरायचा फोन घेताना

धायरी_ते_हिंजवडी
तीस हजारांच्या आसपास दोन मॉडेलं नक्की केली आहेत. प्रोसेसर, बॅटरी जवळपास सारखीच. एकाचा डिस्प्ले दोन्ही कडांना वळलेला, दुसऱ्याचा सपाट. रोज दुचाकीवर नकाशासाठी हँडलच्या होल्डरमध्ये लागणार, पावसाळ्यातसुद्धा, आणि चार वर्षं तरी चालायला हवा. कर्व्ह्ड हातात फार छान बसतो हे खरं. पण त्यावर टेम्पर्ड ग्लास नीट बसते का? कडेला नको तिथे टच होतो का? फुटला तर दुरुस्तीत किती फरक पडतो?

काचकाम
तुमच्या वापराला फ्लॅट. दुरुस्तीपासून सुरू करतो, कारण खरा खर्च तिथेच होतो.

सपाट पॅनेलची वरची काच तडकली, पण चित्र आणि टच शाबूत असेल, तर नुसती काच बदलता येते. पॅनेल गरम प्लेटवर साधारण ८० अंशांपर्यंत तापवायचं, बारीक तारेनं काच सोडवायची, जुना गोंद पूर्ण काढायचा, नवी ओसीए शीट (पारदर्शक चिकट थर) लावून काच व्हॅक्यूममध्ये दाबायची आणि शेवटी बबल काढायच्या यंत्रात ठेवायचं. कर्व्ह्डमध्ये गाडी पहिल्यांदा अडते ती तारेपाशी. तार सरळ चालते, कड वळलेली असते. त्या वळणावर काचेखाली पातळ प्लास्टिकवर तयार केलेला ओएलईडी (स्वतःच प्रकाश देणारा डिस्प्ले) असतो. तार जरा खाली गेली की रेघा येतात किंवा पॅनेल काळं पडतं. पुढे काच दाबताना त्याच मॉडेलचा साचा लागतो. तो नसेल तर कडेला हवा राहते आणि काही दिवसांत काच तिथूनच सुटायला लागते. म्हणून पुण्याच्या तपकीर गल्लीत काय किंवा घराजवळच्या दुकानात काय, कर्व्ह्ड असेल तर बहुतेक जण सरळ पूर्ण फोल्डर (काच, टच आणि डिस्प्ले असा एकत्र संच) बदला म्हणतील, आणि त्यांचं चुकत नाही.

एक मात्र लक्षात घ्या. बऱ्याच फ्लॅट फोनमध्येही प्लास्टिकवरचाच ओएलईडी असतो. तिथे काच बदलणं सोपं नाही, फक्त कर्व्ह्डपेक्षा जोखीम कमी.

फोल्डर बदलायची वेळ आलीच तर मूळ आहे की कॉपी, हे आधी विचारा. ओएलईडीच्या जागी एलसीडीची स्वस्त कॉपी बसवली तर स्क्रीनखालचा फिंगरप्रिंट चालत नाही. एलसीडीला मागून लागणाऱ्या दिव्याच्या थरामुळे (बॅकलाइट) सेन्सरला बोट दिसतच नाही.

गार्डवाला_बुधवारपेठ
टेम्पर्डबद्दल. सपाट स्क्रीनला पूर्ण गोंदाची ०.३३ मिलिमीटरची काच दोन मिनिटांत बसते, तडकली की काढून दुसरी लावायची. पाकिटावरचं ‘९एच’ पेन्सिलीच्या कडकपणाचं माप आहे, त्यावर भुलू नका. रस्त्यावरच्या धुळीतली वाळू काचेपेक्षा कठीण असते, ती ओरखडा काढतेच.

कर्व्ह्डला तीन पर्याय, तिन्ही अर्धवट.

फक्त कडेला गोंद असलेली काच: मधे हवा राहते, टच मंदावतो, स्क्रीनखालचा प्रकाशावर चालणारा (ऑप्टिकल) फिंगरप्रिंट बऱ्याचदा ओळखत नाही. ही घेऊच नका.

यूव्ही (अतिनील) दिव्याखाली वाळणाऱ्या गोंदाची काच: दिसायला सर्वांत चांगली, बिघडायला सर्वांत वाईट. लावायचीच असेल तर फोन बंद करा, टेबल अगदी समतल हवं, इअरपीसची जाळी आणि बाजूची बटणं चिकटपट्टीनं बंद करा. गोंद मधोमध ओता, काच एका टोकापासून हळू सोडा आणि गोंद आपोआप पसरू द्या. वरून दाबलंत की तो कडेनं बाहेर येतो. दिवा आधी थोडाच वेळ दाखवा, बाहेर आलेला गोंद पुसा, मगच पूर्ण वाळवा. शेवटी बोटांचे ठसे पुन्हा नोंदवा. जाळीत गोंद गेला तर आवाज दबतो, बटणात गेला तर बटण अडकतं, आणि अशा बिघाडाला वॉरंटी मिळेल हे गृहीत धरू नका. काढताना कोपऱ्यातून जोरानं उचकटली तर मूळ काचही सोबत तुटू शकते.

टीपीयू (मऊ, लवचीक प्लास्टिक) फिल्म: वळणावर नीट बसते, बारीक ओरखडे भरून येतात, बबल एक-दोन दिवसांत बसतात. मात्र आपटल्यावर तिचा उपयोग जवळजवळ शून्य. कव्हर कडेला घट्ट असेल तर ते फिल्म उचलतं, म्हणून आधी कव्हर घालून बघा.

सपाटकडा
टच आणि पावसाबद्दल. होल्डरचे पंजे बाजूनं आवळतात. कर्व्ह्डमध्ये तिथेच चालू स्क्रीन असतो, त्यामुळे नकाशा आपोआप सरकतो. पावसाचं पाणी ओघळून कडेला साचतं आणि कडेवरून आत सरकवणं म्हणजे अँड्रॉइडमध्ये ‘मागे’. खडकवासल्याकडून येताना नेव्हिगेशन मधेच बंद पडलं तर कारण बहुधा हेच. सेटिंग्जमध्ये जेश्चरऐवजी (बोट सरकवण्याऐवजी) तीन बटणांचं नेव्हिगेशन निवडलं की त्रास बराच कमी होतो. फ्लॅटमध्येही ही सेटिंग करून ठेवा, थेंब तिथेही पडतातच.

आणखी एक: उन्हात वळणावर चकाकी येते आणि पांढरा रंग कडेला हिरवट-निळसर दिसतो. नकाशातल्या बारीक गल्ल्या तिथे वाचवत नाहीत.

वळलेल्या स्क्रीनची कल्पना सॅमसंगने २०१४ मध्ये गॅलक्सी नोट एजमध्ये एकाच कडेला आणली, २०१५ च्या एस६ एजमध्ये दोन्ही कडांना. २०२४ च्या एस२४ अल्ट्रात त्याच कंपनीनं स्क्रीन सपाट केला. त्या फोनसोबतच्या पेननं स्क्रीनवर लिहिताना वळणावर टोक घसरतं, त्यामुळे तो बदल मला अगदी योग्य वाटतो.

कर्व्ह्डची बाजूही सांगायला हवी: कड निमुळती असल्यानं त्याच रुंदीचा फोन मुठीत सहज मावतो, आणि कडेवरून बोट सरकवताना काठ टोचत नाही. फोन गाडीवर लावायचा नसता तर मी हलक्या वळणाच्या फोनला नाही म्हटलं नसतं.

धायरी_ते_हिंजवडी
फ्लॅट घेतो. पण दुकानात ‘२.५डी कर्व्ह’ म्हणतात, ते यातलंच का?

काचकाम
नाही. २.५डीमध्ये फक्त काचेची कड गोलावलेली असते, खालचा पॅनेल सपाटच. स्क्रीनवर पूर्ण पांढरं पान उघडा आणि फोन तिरका धरून बघा. चित्र स्वतः वळलं तर कर्व्ह्ड. चित्र सरळ राहून फक्त काळी कड गोल दिसली तर २.५डी, आणि तो तुम्हाला चालेल. साधी टेम्पर्ड बसते, फक्त अगदी कडेचा अर्धा-एक मिलिमीटर उघडा राहतो.

होल्डर मात्र रबरी धक्काशोषक असलेलाच घ्या. कॅमेऱ्याच्या ऑप्टिकल स्टॅबिलायझेशनला (फोटो हलू नये म्हणून भिंग सावरणारी यंत्रणा) दुचाकीची थरथर बाधते, ॲपलनं २०२१ मध्येच तसा इशारा दिला होता. स्क्रीन सपाट असला म्हणून तो भाग वाचत नाही.