बालवर्गाचे टॅब, पासवर्ड आणि आमचा सोसायटी ग्रुप

नीलिमा, ए-४०३ (सायं. ७:०८)
मी सहसा ग्रुपवर लिहीत नाही पण आज लिहितेय. सलग तिसऱ्या दिवशी माझी मुलगी क्लब हाऊसमधून रडत घरी आली. वर्ग पाच ते साडेसहा, त्यातली पहिली पंचवीस मिनिटं नुसती टॅब उघडण्यात जातात. तिला पासवर्ड टाकता येत नाही, मागे बाकीची मुलं "लवकर लवकर" करतात आणि मग तिचा टॅब दुसरंच कोणीतरी घेतं. वय वर्षं सहा आहे तिचं. बँकेत खातं उघडायला पाठवलेली नाही.

किरण, सी-२०२ (७:१०)
नीलिमा ताई अगदी सेम. आमच्याकडे तर रात्री जेवताना पासवर्ड पाठ करून घेतो, पाढ्यांसारखा 😀

आपटे काका, सी-१०४ (७:११)
मी मागेच विचारलं होतं, परत विचारतो. मागच्या वर्षीच्या गणपतीच्या वर्गणीतून उरलेल्या पैशांचे टॅब घ्यायचं कोणत्या सभेत ठरलं? ठराव दाखवा.

रोहित, बी-६०२ (७:१५)
नीलिमा, पासवर्ड एकदम सोपा ठेवलाय. फ्लॅट नंबर, मग ॲट, मग जन्मवर्ष. कोणालाही लक्षात राहील. १४ मुलांचे वेगवेगळे प्रोफाइल केलेत, प्रत्येकाला वेगळं मेल खातं काढून दिलंय. दोन रविवार गेले माझे त्यात. एका मोबाईल नंबरवर ठराविकच खाती निघतात म्हणून बायकोचा, आईचा, सासऱ्यांचा सगळ्यांचे नंबर वापरलेत. जरा प्रॅक्टिस केली तर मुलांना जमेल.

नीलिमा, ए-४०३ (७:१७)
तुमच्या कष्टांबद्दल काहीच म्हणणं नाही. पण 'ॲट' हे चिन्ह कळफलकाच्या दुसऱ्या पानावर असतं हे माझ्या सासूबाईंना अजून सापडत नाही, ती पहिलीतली पोर कुठून शोधणार?

घाटे, डी-५०१ (७:१८)
उद्या गुरुवार, पाणी बंद. आजच टाक्या भरून घ्या. बी विंगवाल्यांनी कृपया गाड्या धुवू नयेत.

संतोष, बी-१०३ (७:१९)
बी विंगवालेच का? सी विंगचा पाइप दिवसभर चालू होता, फोटो आहे माझ्याकडे.

सेक्रेटरी (७:२१)
पाण्याचा विषय वेगळा करूया कृपया 🙏 टॅबबद्दल बाईंना बोलू द्या, वर्ग त्या घेतात.

आपटे काका, सी-१०४ (७:२२)
ठरावाचं उत्तर आलं नाही.

कुमुद बाई, बी-२०३ (७:३६)
मी जरा सविस्तर लिहिते, चुकलं तर सांभाळून घ्या, बोट हळू चालतं माझं. रोहितने मनापासून केलंय, ते पहिल्यांदा सांगते. पण मी चौतीस वर्षं पहिली-दुसरीला शिकवलंय, गेले तीन दिवस मी टॅबकडे कमी आणि मुलांच्या बोटांकडे जास्त बघतेय. काल एका मुलीला पासवर्डातला ए शोधायचा होता. ती सगळ्यात वरच्या ओळीत डावीकडे बोट घेऊन गेली, कारण पुस्तकात ए सगळ्यात पहिला असतो. तिथे क्यू. मग ती घाबरली, तिला वाटलं टॅब बिघडला. दुसरं, मराठी माध्यमातल्या या मुलांनी अजून मोठी अक्षरंच गिरवलीत आणि कळफलकावर दिसतात लहान. ए आणि त्याचं ते पोट आलेलं लहान रूप एकच हे त्यांना कोणी सांगितलेलंच नाही. तिसरं म्हणजे ते काळे ठिपके. मूल एक अक्षर दाबतं, ते क्षणभर दिसतं आणि त्याचा ठिपका होतो. मुलाला वाटतं पुसलं गेलं, म्हणून ते परत दाबतं. चार अक्षरांची सात होतात. पाच वेळा चुकलं की टॅब म्हणतो तीस सेकंद थांबा. तीस सेकंद म्हणजे सहा वर्षांच्या मुलाला केवढी शिक्षा आहे बघा, आणि काही चूक न करता. याला प्रॅक्टिस हा उपाय नाही. मुलाला जे ओळखता येतं त्यावर दार उघडलं पाहिजे. चित्र ओळखता येतं. रंग ओळखता येतो. एवढंच माझं म्हणणं.

किरण, सी-२०२ (७:३८)
बाई 🙏 पोट आलेला ए. आता मला आयुष्यभर तसाच दिसणार.

संतोष, बी-१०३ (७:३८)
सी विंगमध्ये असे ए बरेच आहेत 😂

घाटे, डी-५०१ (७:३९)
पाण्याचं बोला म्हटलं की गप्प, विनोदाला सगळे हजर.

रोहित, बी-६०२ (७:४१)
बाई तुमचं बरोबर असेल पण पासवर्डच काढून टाकला तर उद्या कोणीही कोणाचंही प्रोफाइल उघडेल. सिक्युरिटी नावाची काही गोष्ट असते. हे घ्या, मी सगळ्यांची यादी परत टाकतो म्हणजे पालकांना घरी पाठ करून घेता येईल.
(फाईल : मुलांची नावं, फोटो, जन्मतारीख, पासवर्ड)

मेधा, बी-३०१ (७:४२)
रोहित, ती फाईल आत्ताच्या आत्ता डिलीट कर. 'सगळ्यांसाठी' वर दाब.

मेधा, बी-३०१ (७:४६)
या ग्रुपवर १४८ लोक आहेत. त्यात भाडेकरू आहेत, फ्लॅट विकून गेलेले तिघे अजून आहेत, दोन एजंट आहेत. आणि आपण त्यात चौदा मुलांची नावं, फोटो, जन्मतारखा टाकतोय. २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा १८ वर्षांखालच्या प्रत्येकाला मूल धरतो आणि त्यांची माहिती हाताळायला पालकांची खात्रीशीर संमती मागतो. आपल्या क्लब हाऊसला तो किती लागू होतो यावर मी इथे वाद घालणार नाही, पण त्यामागची काळजी तर आपल्याला कळायला हवी. आणि मुलांची मेल खाती काढताना जन्मवर्ष कोणतं टाकलंस?

रोहित, बी-६०२ (७:४९)
फाईल काढली. सॉरी. जन्मवर्ष १९९८ टाकलं सगळ्यांचं. खरं टाकलं तर १३ च्या आतलं मूल म्हणून पालकाचं खातं जोडायला सांगतं, प्रत्येक पालकाच्या मागे लागावं लागलं असतं.

मेधा, बी-३०१ (७:५०)
म्हणजे त्या टॅबच्या दृष्टीने आपल्या बालवर्गात चौदा तरुण बसलेत. त्यांना जाहिराती कसल्या दिसतील सांग.

कुमुद बाई, बी-२०३ (७:५१)
दिसतात. परवा कर्जाची दिसली. मी हाताने झाकली.

प्रमिला काकू, डी-२०१ (७:५३)
मला एक विचारायचं होतं. आमच्या चिरंजीवाने दिलेले जे दोन टॅब आहेत ते उघडतच नाहीत म्हणून कपाटात पडलेत असं ऐकलं. त्याने एवढ्या प्रेमाने दिले. वापरायचे नसतील तर तसं स्पष्ट सांगा.

रोहित, बी-६०२ (७:५५)
काकू तसं नाही. मी ते बटणं दाबून रिसेट केले, त्याआधी त्याचं खातं काढायचं राहिलं. आता चालू केला की जुन्या मालकाचं खातं मागतो. चोरीच्या टॅबसाठी कुलूप असतं ते. त्याच्याशिवाय उघडणार नाही.

संतोष, बी-१०३ (७:५६)
म्हणजे आपल्याच टॅबच्या नजरेत आपण चोर. छान.

प्रमिला काकू, डी-२०१ (७:५७)
मग मला सांगायचं ना, मी त्याला फोन लावते. तिकडे सकाळ झाली असेल.

आपटे काका, सी-१०४ (७:५८)
मी तिसऱ्यांदा विचारतोय. ४ टॅब, ३१,२०० रुपये, कोणता ठराव? ३० सप्टेंबरच्या आत एजीएम, म्हणजे वार्षिक सर्वसाधारण सभा, घ्यायची आहे, तिथे मी हे विचारणार.

खजिनदार (८:०१)
काका, कमिटीच्या मीटिंगमध्ये मंजूर झालं, इतिवृत्त ऑफिसात आहे, कधीही येऊन बघा. दर वेळी ग्रुपवर असं विचारलं की मी काही खाल्ल्यासारखं दिसतं.

आपटे काका, सी-१०४ (८:०२)
मी तसं म्हटलेलं नाही. कागद मागितला.

श्रीधर, ए-६०१ (८:०४)
मुळात एवढ्या लहान मुलांना टॅब हवेत कशाला? २०२० मध्ये ऑनलाइन शिक्षणासाठीच्या केंद्राच्याच 'प्रज्ञाता' सूचनांमध्ये बालवाडीच्या मुलांना दिवसाला अर्ध्या तासाच्या वर नको असं होतं.

कुमुद बाई, बी-२०३ (८:०८)
श्रीधर, मी एका मुलाला वीस मिनिटांच्या वर देतच नाही. उरलेला वेळ चिंचोके, पाटी, गोष्टी. पण त्या वीसपैकी पंधरा पासवर्डात गेली तर तो स्क्रीन कोणत्या कामाचा?

श्रीधर, ए-६०१ (८:०९)
हे पटलं.

नीलिमा, ए-४०३ (८:१०)
मग उपाय काय? विषय भरकटतोय.

रोहित, बी-६०२ (८:२४)
आत्ता खाली जाऊन एक टॅब घेऊन आलो. आपल्या मॉडेलमध्ये 'रिस्ट्रिक्टेड प्रोफाइल' आहे. त्याला मेल खातं लागत नाही, जन्मतारीख नाही, काही नाही. मालकाच्या प्रोफाइलला पिन, तो बाईंकडे. मुलांच्या प्रोफाइलमध्ये कोणते ॲप दिसायचे ते आपण टिक करायचे, बाकी सगळं बंद. व्हिडिओवालं ॲप टिकच करायचं नाही. सरकारचं शाळेच्या अभ्यासाचं दीक्षा ॲप लॉगिन न करता पाहुणा म्हणून चालतं, बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड दाखवला की त्या धड्याचं उघडतं, म्हणजे टाइप करायलाही नको. आणि प्रोफाइलला नावाऐवजी चित्र लावता येतं. प्रत्येक प्रोफाइलचा वॉलपेपरही वेगळा ठेवता येतो का बघतो. चौदा खाती मी आज रात्री डिलीट करतो.

मेधा, बी-३०१ (८:२५)
आता कसं. थँक्यू रोहित, मघाशी आवाज चढला माझा.

रोहित, बी-६०२ (८:२६)
बरोबरच होतं मॅडम तुमचं. फक्त एक, एकमेकांच्या प्रोफाइलमध्ये मुलं शिरणारच.

कुमुद बाई, बी-२०३ (८:२९)
शिरू देत. त्यात आहे काय, चित्र रंगवणं आणि बेरजा. आमच्या वर्गात दप्तरांनाही कुलूप नव्हतं. शिवाय मुलंच राखण करतात, "बाई हा माझ्या पोपटात गेला" असं लगेच कानावर येतं.

किरण, सी-२०२ (८:३०)
आमच्या मुलाला वाघ हवा. आत्ताच बुक करतो.

घाटे, डी-५०१ (८:३०)
वाघ आमच्या नातवाचा आहे, तो आधीपासून वाघाचंच दप्तर आणतो.

संतोष, बी-१०३ (८:३१)
पार्किंगसारखं वाघाचंही लकी ड्रॉ काढा.

कुमुद बाई, बी-२०३ (८:४१)
वाघाचं नंतर. मला अजून एक सांगायचंय, तीन दिवस मनात आहे. टॅब ६ आहेत, एकावर तिघं म्हटलं तर १८ मुलांची सोय होते. यादीत १४ आहेत. पण वर्गात १७ येतात. वॉचमन दादांची मुलगी येते आणि ए विंगमध्ये काम करणाऱ्या मावशींची दोघं. त्यांचा पासवर्डच नाही, कारण पासवर्ड फ्लॅट नंबरवरून केलेत. सोमवारी ती पोरगी माझ्याजवळ आली आणि विचारलं, "बाई, माझा नंबर काय?" मला पटकन उत्तर सुचलं नाही. मी तिला माझा २०३ सांगितला आणि माझ्या नातवाच्या प्रोफाइलवर बसवलं, तो यंदा गावी आहे. तेव्हापासून ती रोज आली की आधी "दोनशे तीन" म्हणते, हजेरी दिल्यासारखं.

रोहित, बी-६०२ (८:४३)
बाई माझ्या लक्षातच आलं नाही. मी मेंटेनन्सच्या यादीवरून नावं घेतली.

श्रीधर, ए-६०१ (८:४५)
मी कोणाला वाईट वाटावं म्हणून म्हणत नाही हां, पण टॅब सोसायटीच्या पैशांचे आहेत. आधी सभासदांच्या मुलांचं नीट होऊ दे, मग बाकीच्यांचं बघू. उद्या शेजारच्या सोसायटीची मुलंही येतील.

प्रमिला काकू, डी-२०१ (८:४७)
दोन टॅब तर आमच्या मुलाचे आहेत, सोसायटीचे नाहीत. त्याच्याशी बोलले आत्ता. तो म्हणाला वर्गात जो बसेल त्याला द्या. आणि रोहित, तू ये घरी, तो व्हिडिओ कॉलवर आहे, त्याच्या फोनवर नंबर येतो म्हणाला तो दाबून देईल, दोन्ही आजच उघडून घेऊ.

रोहित, बी-६०२ (८:४७)
आलो काकू.

नीलिमा, ए-४०३ (८:४९)
श्रीधर दादा, माझी मुलगी रडत आली तेव्हा तिला तो ॲट कोणी शोधून दिला माहितीये? वॉचमन दादांच्या मुलीने. मला मुलीने आत्ता सांगितलं.

श्रीधर, ए-६०१ (८:५६)
ठीक आहे. माझी हरकत नाही.

सेक्रेटरी (८:५८)
मग ठरलं. १७ प्रोफाइल, चित्रांवर, फ्लॅट नंबर कुठेही नको. बाई, चित्रं तुम्ही ठरवा.

कुमुद बाई, बी-२०३ (९:०५)
चित्रं मुलं ठरवतील, उद्या वर्गात. माझी एकच अट, एका टॅबवर एकसारखी दिसणारी चित्रं नकोत. वाघ आणि मांजर शेजारी आलं की लहानांचा घोळ होतो. हत्ती, पोपट, मासा असं वेगवेगळ्या घाटाचं. आणि त्याच चित्राचं कार्ड लॅमिनेट करून प्रत्येकाच्या गळ्यात, म्हणजे ज्याला अजून नाव वाचता येत नाही तो कार्ड टॅबशेजारी धरून जुळवेल. टॅबच्या पाठीवरही त्याच्या तीन चित्रांचा कागद चिकटवू.

घाटे, डी-५०१ (९:०६)
मांजर नको असेल तर वाघ राहू दे.

कुमुद बाई, बी-२०३ (गुरुवार, सायं. ६:४४)
आजचा वर्ग झाला. घड्याळ लावून बघितलं. सगळे आत जायला सहा मिनिटं लागली, त्यात दोन मिनिटं वाघावरून भांडण. वाघ शेवटी दोघांनाही दिलाय, वेगवेगळ्या टॅबवर. वॉचमन दादांच्या मुलीने हत्ती घेतला. आल्या आल्या सवयीने "दोनशे तीन" म्हणाली, मग स्वतःच कार्ड वर करून दाखवलं. कार्डांच्या लॅमिनेशनचे १७० रुपये मी दिलेत.

नीलिमा, ए-४०३ (६:४६)
आमची मासा आहे. घरी येऊन आधी तेच सांगितलं. बाई, रोहित, मनापासून थँक्यू.

घाटे, डी-५०१ (६:४७)
पाणी आलं का कोणाकडे?

आपटे काका, सी-१०४ (६:५२)
बाई, १७० रुपयांची पावती घेतली असेल तर ऑफिसात द्या. एजीएमला हा खर्च मंजूर करायची सूचना मी मांडतो.