घोडं नेमकं कुठं पेंड खातं?

पंचकल्याण (नाशिकरोड):
फेब्रुवारीतला पहिला रविवार म्हणजे मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवरची डर्बी, घोड्यांची मोठी शर्यत. सकाळची पंचवटी, दादरला उतरून लोकल. मोठी शर्यत संध्याकाळी, त्यामुळे परतीची पंचवटी दरवर्षी चुकते. दुसऱ्या दिवशी शेजारचे काका हमखास विचारतात, "किती घालवले?" घालवतो की दोन-तीनशे. पण त्यासाठी कोण जातं?

मी जातो पॅडॉकसाठी. तिथे शर्यतीआधी सईस घोडे गोल फिरवतात, तेव्हा कठड्याला टेकून नुसते पाय बघायचे. मागचा खूर पुढच्या खुराच्या ठशाच्याही पुढे पडला की समजायचं, घोडा मोकळा चालतोय. कान, शेपटी, घाम हे सगळं नंतर.

आणि त्या चालीमागचा इतिहास! जगातला कुठलाही थरोब्रेड, म्हणजे शर्यतीच्या जातीचा घोडा, घ्या. बाप, बापाचा बाप असं मागे जात राहिलात की तीनच घोडे उरतात: बायर्ली टर्क, डार्ली अरेबियन, गोडॉल्फिन अरेबियन. यातला डार्ली १७०४ मध्ये सीरियातल्या अलेप्पोहून इंग्लंडला गेला. त्याच्याच वंशातला एक्लिप्स. १७६४ च्या सूर्यग्रहणाच्या दिवशी जन्मला म्हणून ते नाव. १८ शर्यती धावला, एकही हरला नाही. आज बहुतेक सगळ्या थरोब्रेडांचा पितृवंश त्याच्यापाशी पोचतो. आपल्याला पणजोबांच्या वडिलांचं नाव हवं असेल तर तीर्थोपाध्यायांच्या नामावळीच्या वह्या उघडाव्या लागतात. घोड्यांची तशी वही १७९१ पासून छापली जाते.

माझं म्हणणं एवढंच: रेस बंद करा म्हणणाऱ्यांनी सांगावं, मग घोडा पारखायचा कशावर?

गंगाघाटकर:
वही छान आहे. आमच्या घरीही एक वही होती, काकांची. त्यात एक्लिप्स नव्हता, उसनवारी होती. नाशिकच्या द्वारका चौकाजवळचा प्लॉट त्या वहीत गेला. १९९६ साली सुप्रीम कोर्टाने रेस हा कौशल्याचा खेळ आहे, नशिबाचा नाही, असं म्हटलं. असेल. काकांचं कौशल्य नवीन माणूस गाठून पैसे मागण्यात होतं. काकू अजून टीव्हीवर घोडा दिसला की चॅनल बदलतात.

पंचकल्याण:
वाईट वाटलं वाचून, खरंच. पण सरकारने जुगाराला वेसण घातलीच आहे की. २०२३ च्या ऑक्टोबरपासून पैजेच्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी, २०२५ च्या सप्टेंबरपासून ४० टक्के. मार बसतो तो घोड्यांना. पैजांच्या पैशातून बक्षिसं, बक्षिसांच्या आशेवर मालक, मालकांच्या जिवावर स्टड फार्म. ही साखळी तुटली तर घोड्या गाभण कोण ठेवणार? अकरा महिने पोटात आणि वर दोन वर्षं चारा, तेव्हा कुठे शिंगरू ट्रॅकवर येतं.

गंगाघाटकर:
म्हणजे काकांच्या प्लॉटवर तुमचे स्टड फार्म चरले. हेच तर मी म्हणत होतो!

खरारा:
जनावरांच्या दवाखान्यात काम करतो, म्हणून पैशाचं सोडून पायांचं बोलतो. साडेचारशे-पाचशे किलोचं धूड, आणि गुडघ्याखाली स्नायू जवळजवळ नाहीतच. हाड, शिरा, कातडी. दोन वर्षांचं शिंगरू पळवता तेव्हा त्याची सगळी हाडं पुरती पक्की झालेली नसतात. अमेरिकेचा बार्बारो २००६ ची केंटकी डर्बी जिंकला, दोन आठवड्यांनी पुढच्याच शर्यतीत पाय मोडला. आठ महिने उपचार केले. पैसा, डॉक्टर, कशाची कमी नव्हती. शेवटी कायमचं झोपवावंच लागलं. आणि ज्या बंद वहीचं पंचकल्याणना कौतुक आहे, तिच्यात बाहेरचं रक्त येत नाही, तीच ती नावं पुन्हा पुन्हा येतात. माणसांत सगोत्र चालत नाही, इथे त्याचीच वंशावळ छापायची!

पंचकल्याण:
सगोत्राचा मुद्दा मान्य, त्यावर वाद घालणार नाही. पण त्याच वहीतून १९७३ चा सेक्रेटेरियट निघाला, अमेरिकेतली बेलमाँट शर्यत ३१ घोडे मावतील एवढ्या अंतराने जिंकला. आपल्याकडचा एल्युसिव्ह पिंपरनेल २३ पैकी २२ शर्यती जिंकला. ते पळणं बघितलं की माणूस गप्प होतो.

येवलेकर:
सगळं इंग्लंड-अमेरिका चाललंय म्हणून बोलतो. भीमथडी ऐकलंय का कुणी? भीमेच्या खोऱ्यातलं मराठ्यांचं घोडं, अंगाने लहान, पण मूठभर दाण्यावर दिवसभर चालणारं. त्याची पारख डर्बीच्या २४०० मीटरवर झाली नाही, घाट चढून आणि मुक्कामामागून मुक्काम मारून झाली. हे पंचकल्याणच्या प्रश्नाचं उत्तर. रेसशिवायही घोडा पारखता येतो, शेकडो वर्षं पारखला. त्याची वही मात्र कुणी ठेवली नाही. नाशिकरोडहून गावात येणारी ट्रामसुद्धा एकेकाळी घोडे ओढायचे. सांगा एकाचं नाव.

पंचकल्याण:
नाही सांगता येत. चाबूक बरोबर जागी बसला. मी रोज ज्या रस्त्याने जातो, तिथलाच मुद्दा काढलात. तरी एक विचारतो: वही नसेल तर आज भीमथडी म्हणून विकलं जाणारं घोडं भीमथडीच आहे, हे ओळखता कसं?

येवलेकर:
डोळ्यांनी, आणि विकणाऱ्याच्या बापाला ओळखत असलो तर त्याच्या तोंडाकडे बघून. गळ्याखाली देवमण, म्हणजे शुभ मानतात तो केसांचा भोवरा, आहे का, हे तर पोरंही बघतात. दसऱ्याच्या सुमाराला येवल्याच्या घोडेबाजारात या, दाखवतो. पाय बघायला कठडा नाही मिळणार, चिखलात उभं राहावं लागेल.

गंगाघाटकर:
तिथे पैज लागत नसेल तर मीपण येतो. काकूंना सांगणार नाही.