नवीन केस घ्यायच्या आधी नाव तपासायचं सॉफ्टवेअर: पाटलांच्या गर्दीत खरंच काम करतं का?

जळगाव_दिवाणी_फौजदारी
राम राम मंडळी. जळगावला आम्ही तिघं वकील आता एकाच ऑफिसात बसणार आहोत. एक जण जमिनीचे दावे बघतो, एक बँकेच्या पॅनलवर आहे, अन् मी चेक बाउन्स आणि फॅमिलीचं काम करते. तारखा, वकालतनामे, फी सगळं एका ठिकाणी यावं म्हणून केस मॅनेजमेंटचं सॉफ्टवेअर घेतोय. त्यात कॉन्फ्लिक्ट चेक आहे म्हणे, नाव टाकलं की जुन्या पक्षकारांत, सामनेवाल्यांत कुठं असलं तर दाखवतं. डेमोत आमचाच थोडा डेटा टाकून बघितला तर पाटील टाकल्यावर पानंच्या पानं निघाली, अन् ज्याची केस आम्ही चालवलीय हे पक्कं माहीत आहे तो एक चौधरी सापडलाच नाही. रावेर-यावलकडच्या एकेका गावात एकाच नावाची तीन माणसं असतात, मग हे शोधणार काय? आमच्यातल्या एकाचा पक्षकार दुसऱ्याच्या टेबलावर सामनेवाला म्हणून यायला नको, एवढंच पाहिजे. कोणी खरंच वापरतंय का?

पांझराकाठ
ताई, आम्ही धुळ्याला वापरतो आणि उपयोग होतो, पण सॉफ्टवेअरच्या आधी एक सवय लावावी लागते. माणूस आला की आधी फक्त नावं घ्यायची. त्याचं नाव, वडिलांचं नाव, गाव, समोर कोण कोण आहे, बस. नावं बघून होईपर्यंत कागद उघडायचे नाहीत अन् हकिगतही ऐकायची नाही. आपल्याकडे माणूस खुर्चीत बसताच भावाने बांध कसा कोरला इथपासून सुरू होतो आणि आपणही ऐकत बसतो. मग कळतं की तो भाऊ मागच्या वर्षी आपल्याचकडे येऊन गेलाय, आणि तेव्हा दोघांची गुपितं आपल्या पोटात असतात, आता कोणाचंच काम धड घेता येत नाही.

बार काउन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांत नियम 33 बघा. दावा दाखल करण्याबाबत नुसता सल्ला दिला असला तरी त्याच प्रकरणात समोरच्याच्या बाजूने उभं राहता येत नाही, वकालतनामा लागत नाही त्याला. म्हणून जो फक्त विचारून गेला, फी दिली नाही, परत आला नाही, त्याचीही नोंद पाहिजेच, नाव, गाव, तारीख आणि एका ओळीत विषय. बहुतेक ऑफिसांच्या डेटात हीच माणसं नसतात आणि घोटाळा इथूनच होतो.

शिरपूरचा_पुण्यात
मी वकील नाही, अशी सॉफ्टवेअरं बसवून देण्याचं काम करतो, त्यामुळे चौधरी का सापडला नाही ते सांगू शकतो. इंग्रजीत चौधरी कोणी ए यू ने लिहितं कोणी ओ यू ने, शेवटी कोणी आय लावतं कोणी वाय, आणि साधा सर्च अक्षराला अक्षर जुळवतो. डेमोवाल्याला विचारा की उच्चारावरून जुळणारी नावं दाखवतं का, आणि इंग्रजीत टाइप केलं तर देवनागरीतलं नाव निघतं का. तोंडी हो म्हणतील, तुमच्या समोर करून दाखवायला लावा.

दुसरं म्हणजे जुने दावे, नोटिसा कृतिदेव किंवा श्रीलिपी या जुन्या फॉन्टांत टाइप केलेले असणार. स्क्रीनवर मराठी दिसतं पण आत कॉम्प्युटरला ती इंग्रजीचीच अक्षरं असतात, युनिकोडमधला, म्हणजे आजच्या मराठी टायपिंगचा, सर्च तिथं काही शोधूच शकत नाही. ते कन्व्हर्ट केल्याशिवाय अपलोड करू नका, नाहीतर काही सापडलं नाही असं येईल आणि तुम्ही निर्धास्त व्हाल.

पाटलांच्या गर्दीवर उपाय म्हणजे नावासोबत वडिलांचं नाव, गाव, तालुका आणि जमिनीचं काम असेल तर गट नंबर, सगळ्यांचे वेगळे रकाने. नाव सारखं निघालं तरी गाव आणि गट नंबरावरून माणूस लगेच वेगळा पडतो.

सुरवातीचा डेटा भरायला ई-कोर्ट या कोर्टांच्या वेबसाइटवर वकिलाचा बार रजिस्ट्रेशन नंबर टाकून आपापल्या केसेस निघतात, तिथून घ्या, पण त्यात नोटिसा आणि सल्ले येत नाहीत, ते डायरीतूनच भरावे लागतील.

जळगाव_दिवाणी_फौजदारी
फॉन्टचं लक्षातच आलं नव्हतं, आमचं बरंचसं जुनं टायपिंग कृतिदेवमध्येच आहे. अजून एक, समजा माझ्याकडे माणूस आला आणि समोरची बँक ही आमच्या दुसऱ्या वकिलाची पक्षकार आहे, मग फाईलला पासवर्ड लावून मी ते काम घेतलं तर चालेल का?

भुसावळ_जंक्शन
ताई, माझं स्पष्ट मत आहे, घेऊ नका. ऑफिस एक, कारकून एक, प्रिंटर एक, तिथं पासवर्ड कोणापासून काय लपवणार. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 132 ने पक्षकाराचं गुपित राखायचं बंधन वकिलाच्या कारकुनावर आणि कर्मचाऱ्यावरही आहे, आणि इथं तर तोच कारकून दोन्ही बाजूंचे कागद हाताळणार. निदान बार काउन्सिलच्याच नियम 14 प्रमाणे संबंध काय आहे तो पक्षकाराला आधीच उघड सांगावा लागतो, आणि सांगितल्यावर तो स्वतःच दुसरीकडे जातो.

बँकेच्या पॅनलवाल्याने केलेले सर्च रिपोर्टही, म्हणजे कर्जाआधी मालमत्तेची मालकी तपासून दिलेले अहवाल, यात टाका. कर्जदार, जामीनदार, ज्याच्याकडून खरेदी घेतली तो, सगळे. उद्या सरफेसीची, म्हणजे बँकेच्या कर्जवसुलीच्या कायद्याची, नोटीस हातात घेऊन तोच जामीनदार तुमच्या दारात येतो, आणि त्याचं टायटल तुमच्याच ऑफिसने तपासलेलं असतं. चेक बाउन्समध्येही नुसत्या पेढीच्या नावावर थांबू नका, केळीचा व्यापारी असो की जिनिंग, मालक, भागीदार, चेकवर सही करणारा अशी सगळी नावं शोधायची. चेक परत आल्याचा बँकेचा मेमो कळल्यापासून 30 दिवसांत नोटीस द्यायची घाई असते हे खरं, पण नावं बघायला एवढा वेळ जात नाही.

वाटपाच्या दाव्यात बहिणींची माहेरची आणि सासरची दोन्ही नावं भरा, जुन्या फेरफारात एक असतं अन् आधार कार्डावर दुसरंच. आणि एकदा तपासलं की झालं असं नाही, कोणी वारलं आणि वारस रेकॉर्डवर आले, किंवा नवा प्रतिवादी जोडला, की त्या नावांवर पुन्हा सर्च मारायचा.

अमळनेर_कारकून
मी कारकून आहे म्हणून माझं सांगतो. वकीलसाहेब कोर्टात असतात, नावं आम्हीच भरतो. भरताना आधार कार्ड समोर ठेवून भरलं की चुका कमी होतात, तोंडी ऐकून भरलं की घोळ. आमच्याकडे प्रत्येक नव्या फाईलच्या पहिल्या पानावर कोणती नावं शोधली, कोणत्या तारखेला, काय निघालं हे लिहून वकीलसाहेबांची सही घेतो, ती सही असल्याशिवाय मी वकालतनाम्याला तिकीट लावत नाही. ताई, तुमच्या कारकुनाला डेमोला बसवा, कृतिदेवचं विचारायचं त्यालाच बरोबर सुचेल.

जळगाव_दिवाणी_फौजदारी
बसवते भाऊ. डेमोवाला सोमवारी परत येतोय, चौधरी सगळ्या तऱ्हांनी लिहून त्याच्यासमोरच शोधायला लावते, अन् विचारून गेलेल्यांचा रकाना त्यात आहे का तेही बघते.