शब्दचर्चा: श्रेष्ठ, थोर की दिग्गज? फुटीतल्या 'ग्रेटेस्ट'ला मराठीत काय म्हणायचं

मंडळाच्या दिवाळी अंकासाठी ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या मोठमोठ्या खेळाडूंवर लेख लिहायला घेतलाय. बारा वर्षं मेलबर्नमध्ये राहतोय, मॅचेस बघतोय, सामग्री भरपूर आहे, पण पहिल्याच वाक्यात गाडी अडली कारण 'ग्रेटेस्ट'ला शब्दच ठरेना. आधी सांगून टाकतो, हा आपला नेहमीचा फुटबॉल नाही. बॉल लंबगोल, मैदानही लंबगोल, एका बाजूला अठरा जण, बॉल हातात घेऊन पळायचं, चार खांबांपैकी मधल्या दोनमधून मारला तर सहा पॉइंट आणि बाजूच्या फटीतून गेला तर एक. इथे सगळे फुटीच म्हणतात, मीही तेच लिहितो.

हात आधी गेला 'सर्वश्रेष्ठ'कडे. आता श्रेष्ठ हा शब्द संस्कृतात ज्येष्ठ, कनिष्ठ यांच्या घरातला, म्हणजे 'सगळ्यात' हा अर्थ त्याच्या पोटातच आहे. मराठीत येऊन तो एवढा झिजला की आपण 'याच्यापेक्षा तो श्रेष्ठ' असं सर्रास म्हणतो आणि म्हणून वर पुन्हा 'सर्व' चढवावं लागतं. ते मला खटकत नाही, भाषा अशीच चालते. माझी अडचण वेगळी आहे, श्रेष्ठ म्हटलं की 'कोणापेक्षा?' हे मागोमाग येतंच, आणि फुटीत एका काळचा खेळाडू दुसऱ्या काळच्याशेजारी उभा केला की मोजायला सुरुवात कुठून करायची तेच कळत नाही. जॉन कोलमन एसेंडन क्लबकडून १९४९ ते १९५४ फक्त ९८ मॅचेस खेळला, गोल ५३७, म्हणजे मॅचमागे साडेपाचच्या जवळ, पहिल्याच मॅचमध्ये बारा. टोनी लॉकेटचे २८१ मॅचेसमध्ये १३६० गोल, मॅचमागे पाचाच्या आत, पण एकूण गोलांत त्याच्या पुढे कोणीच नाही. श्रेष्ठ कोण? सरासरीने कोलमन, बेरजेने लॉकेट.

आमच्या शेजारी एक आजोबा आहेत, ऐंशी ओलांडलेले, जन्मापासून एसेंडनवाले. लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून त्यांनी कोलमनला पाहिलंय. मी आकडे काढले तेव्हा ते काही बोलले नाहीत, हातातला चहाचा मग कट्ट्यावर ठेवला, दोन्ही हात डोक्याच्या वर नेले, बोटं फाकवली आणि टाचा उचलून तसेच क्षणभर उभे राहिले. बॉल वरच्या वर असा घ्यायचा तो, म्हणाले. मग खाली वाकून उजवा गुडघा चोळत बसले. १९५४ मध्ये कोलमनचा गुडघा गेला, वय पंचवीस, परत खेळलाच नाही. या माणसापुढे मी 'क्रमवारी' हा शब्द कुठल्या तोंडाने काढू?

तर प्रश्न असा: श्रेष्ठ, महान, थोर, दिग्गज, यातला कुठला घ्यावा आणि का?

प्रतिसाद: सरळ 'महान' लिहा ना, पेपरवाले तेच लिहितात, सगळ्यांना कळतं.

धागाकर्ता: कळतं हे खरं, पण आता महान कशालाही लागतो, भेळ महान आणि सिरियलही महान. मला वजन असलेला शब्द हवाय. 'थोर'ला ते आहे. थोरचा जुना अर्थ आकाराने मोठा, मग वयाने मोठा, म्हणून थोरले बाजीराव, थोरली जाऊ, लहानथोर, आणि त्यातून मोठेपणाचा अर्थ. पण आज थोर म्हटलं की आपल्याला चारित्र्य दिसतं, भिंतीवर हार घातलेला फोटो दिसतो. जॅक डायर रिचमंडकडून ३१२ मॅचेस खेळला आणि त्याचं टोपणनाव होतं कॅप्टन ब्लड, कारण तो अंगावर धावून जायचा. त्याला थोर म्हणवत नाही, जबरदस्त म्हणवतं.

प्रतिसाद: चारित्र्याचा विषय निघालाच आहे तर तिकडे 'फेअरेस्ट अँड बेस्ट' असं मेडल असतं ना? एका भाषांतरात मी 'सर्वात सुंदर आणि उत्तम खेळाडू' असं वाचलं होतं, तेव्हाच काहीतरी गडबड वाटली.

धागाकर्ता: गडबडच आहे! ते ब्राउनलो मेडल, १९२४ पासूनचं. मॅच झाली की अंपायर तीन खेळाडूंना तीन, दोन, एक अशी मतं देतात, आणि त्या मोसमात खेळाडू सस्पेंड झाला असेल तर कितीही मतं असोत, मेडल नाही. १९९७ मध्ये क्रिस ग्रँटला सगळ्यात जास्त मतं होती तरी एका मॅचच्या सस्पेन्शनमुळे मेडल रॉबर्ट हार्वीला गेलं. तर इथला फेअर म्हणजे रूपाने नाही, खेळाने स्वच्छ. आपल्याकडे याचा उलटा शब्द घराघरात आहे, 'रडीचा डाव'. लगोरीत, पत्त्यांत, कॅरममध्ये रडी खेळणारा कोण हे पोरांना बरोबर ठाऊक असतं. त्याच्या उलट्याला मी 'चोख' म्हणेन, चोख सोनं, चोख हिशोब, तसा चोख खेळ. 'सर्वात चोख आणि उत्तम', आणि 'चोख' आधीच ठेवायचा, कारण मेडलच्या नावातही फेअरेस्ट आधी आहे.

यामुळे यादीचं भांडण कसं उलगडतं बघा. २००८ मध्ये खेळाला दीडशे वर्षं झाली तेव्हा पत्रकार माइक शीहान यांनी पन्नास जणांची क्रमवारी लावली. वर वेन केरी, मग थोरला गॅरी अॅबलेट, मग ली मॅथ्यूज. (हा 'थोरला' मात्र चपखल बसतो, कारण मुलाचं नावही गॅरी अॅबलेट आणि तोही तितकाच नावाजलेला.) या तिघांत मिळून ब्राउनलो किती? एकही नाही. उलट तीन-तीन ब्राउनलो मिळवणारे चौघं आहेत, हेडन बंटन, डिक रेनॉल्ड्स, बॉब स्किल्टन, इयन स्टुअर्ट, आणि शीहानच्या पहिल्या तिघांत त्यातला एकही नाही. म्हणजे 'बेस्ट' आणि 'फेअरेस्ट अँड बेस्ट' हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि लोक तासन्‌तास वाद घालतात त्यात निम्मे एका प्रश्नाचं उत्तर देतात, निम्मे दुसऱ्याचं.

प्रतिसाद: 'चँपियन' चालेल का मग? तो शब्द मराठीत रुळलाय.

धागाकर्ता: रुळलाय पण अर्थ बदलून. आपण चँपियन म्हणजे विजेता समजतो, कप उचललेला. फुटीत चँपियन म्हणजे खेळात उंची गाठलेला, टीम जिंको न जिंको. बॉब स्किल्टन साउथ मेलबर्नकडून २३७ मॅचेस खेळला, तीन ब्राउनलो, आणि अख्ख्या कारकिर्दीत फायनल्सची, म्हणजे मोसमाअखेरच्या बाद फेऱ्यांतली, मॅच एकच, १९७० ची, तीही हरले. प्रीमियरशिप, म्हणजे मोसमाचं विजेतेपद, शून्य. इथे कोणालाही विचारा, तो चँपियन आहे की नाही. मराठी वाचकाला 'चँपियन स्किल्टन' लिहिलं तर तो विचारेल, काय जिंकलं? १९८९ च्या ग्रँड फायनलमध्ये थोरल्या अॅबलेटने नऊ गोल मारले, जीलाँग सहा पॉइंटने हरलं, तरी दिवसाचा सर्वोत्तम म्हणून नॉर्म स्मिथ मेडल त्यालाच. हे सगळं 'विजेता'त मावत नाही.

प्रतिसाद: मग दिग्गज? पण तो आता इतका घासलाय की दर तिसऱ्या माणसाला दिग्गज नेते, दिग्गज अभिनेते.

धागाकर्ता: घासलाय, मान्य. पण मूळ अर्थ आठवा. दिशांचे हत्ती, आठ जण, प्रत्येकाने आपापली दिशा तोलून धरलेली, पूर्वेला ऐरावत, दक्षिणेला वामन, पश्चिमेला अंजन. ऐरावताचं नाव आपल्या जास्त ओळखीचं, तरी अंजन हलला तर त्याची बाजू ऐरावत सांभाळत नाही. फुटीत नेमकं हेच हवंय मला. १९९६ मध्ये हॉल ऑफ फेम सुरू झालं तेव्हा बारा जणांना लीजंड हा मान दिला, त्यात कोलमन आहे, डायर आहे, स्किल्टन आहे, मॅथ्यूज आहे आणि पॉली फार्मरही. बारा जणांत पहिला-दुसरा नाही. फार्मर पर्थचा, तिथल्या मूळनिवासी नूंगार समाजातला. त्याच्या आधी हँडबॉल, म्हणजे एका हातावरचा बॉल दुसऱ्या मुठीने मारून दिलेला पास, ही अडचणीत सापडल्यावरची सुटका होती, त्याने तेच हल्ल्याचं हत्यार केलं. गाड्यांच्या उघड्या खिडक्यांतून बॉल आरपार मारून तो सराव करायचा असं सांगतात. त्याला कोलमनच्या गोलांच्या तराजूत कसं घालणार? ही त्याची दिशा आणि ती त्याचीच.

प्रतिसाद: या याद्या मेलबर्नवाल्यांच्याच असतात ना पण? मी अॅडलेडला राहते, इथे बॅरी रॉब्रनचं नाव घेतल्याशिवाय चर्चा सुरूच होत नाही.

धागाकर्ता: अगदी बरोबर, आणि हे लेखात यायलाच हवं. रॉब्रन नॉर्थ अॅडलेडचा, तीन मॅगरी मेडल (तिकडच्या लीगचं ब्राउनलोच म्हणा), व्हिक्टोरियाच्या लीगमध्ये एकही मॅच खेळला नाही, तरी २००१ मध्ये लीजंड झाला. ती लीग १९९० मध्ये नाव बदलून देशाची झाली म्हणून आपण मागे वळून तिचाच इतिहास सगळ्या खेळाचा इतिहास समजतो, ते चूक आहे. तुम्ही आठवण केलीत, आभारी आहे.

आणि अजून एक, 'ऑल टाइम'साठी 'सार्वकालिक' मी काढून टाकला. सार्वकालिक म्हणजे कुठल्याही काळी खरं असणारं, दोन अधिक दोन चारसारखं. यादीला म्हणायचं असतं 'आतापर्यंत पाहिलेल्यांत', त्याला आपल्याकडे साधा शब्द आहे, 'आजवरचे'. उद्या कोणी आला तर जागा करून देणारा. तर लेखाचं नाव 'फुटीचे आजवरचे दिग्गज', नावांसमोरचे आकडे काढलेत, ज्याची त्याची दिशा तेवढी सांगितलीय, गोल, हँडबॉल, अंगाची धडक, उडी.

उडीवरून आठवलं, 'मार्क'ला काय लिहू? किक मारलेला बॉल मधे कोणाचा हात न लागता पंधरा मीटर आला आणि हवेत पकडला की मार्क, मग खेळ थांबतो आणि बॉल त्याचा. १९७० च्या ग्रँड फायनलला १,२१,६९६ लोकांसमोर अॅलेक्स जेसौलेंको समोरच्याच्या पाठीवर चढून बॉल घेतो तो क्षण लिहायचाय. 'झेल' लिहिला तर वाचकाला स्लिपमधला फील्डर दिसतो.

प्रतिसाद, अॅडलेडहून: मार्कच ठेवा. झेल खाली येणाऱ्याला धरतो, हा तर स्वतःच वर जातोय.