मदत हवी आहे : ३४ वर्षांच्या भावासाठी पुण्यात डॉक्टर

माझ्या धाकट्या भावाला डाऊन सिंड्रोम आणि ऑटिझम दोन्ही आहे. बोलत नाही, दुखलं-खुपलं तरी सांगत नाही. हल्ली डाव्या बाजूने चावणं सोडलंय आणि कानाखाली मुठीने मारून घेतो. डॉक्टर म्हणाले, "ऑटिझममध्ये असं करतात." मला अजिबात पटलेलं नाही. दाढ असेल, कान असेल, बघायला तर हवं ना! पण तोंडाजवळ टॉर्च आणला की तो उठून थेट दाराशी जातो.

एकाच भुलीत दात, कान तपासून थायरॉईडचं रक्तही घेतील असे कोणी पुणे-पिंपरीत माहीत आहेत का? डाऊनमध्ये मानेचे वरचे मणके सैल असू शकतात, झोपेत श्वासही अडकतो (हा तर रात्रभर घोरतो), त्यामुळे हे सगळं जाणणारा भूलतज्ज्ञच हवा. बालरोगतज्ज्ञ वयामुळे घेत नाहीत, मोठ्यांच्या डॉक्टरांना अशा पेशंटची सवय नाही.

निरामय विम्यातून (दिव्यांगांसाठीची सरकारी आरोग्य विमा योजना) दातांच्या खर्चाचे पैसे कोणाला मिळालेत का? कागदपत्रं कोणती लागली? आणि तपासणीआधी त्याला शांत ठेवायला तुम्ही घरी काय करता, तेही सांगा. आईची झोप उडालीय, लवकर कळवा प्लीज.