चाळीचा पुनर्विकास झाल्यावर गणपती कुठे बसवावा?

प्रश्न: मागच्या गॅलरीतला

गिरगावातील आमच्या चाळीचा पुनर्विकास आता संमतिपत्रांवर सह्या घेण्यापर्यंत आला आहे. तीन मजले, 67 बिऱ्हाडे आणि मधोमध फरसबंद चौक अशी ही इमारत असून बहुतेक भाडेकरू पागडीचे, म्हणजे सुरुवातीला एकरकमी रक्कम देऊन नाममात्र भाड्याने राहणारे आहेत. खोल्यांचे क्षेत्रफळ, बाहेर राहण्याच्या काळातील भाडे आणि कॉर्पस फंड (विकासकाकडून मिळणारा एकरकमी निधी) यांवर सभांमध्ये तासन्‌तास चर्चा झाली. गणपती कुठे बसवायचा, हे मी विचारले तेव्हा मात्र एक सभासद म्हणाले, ‘आधी छप्पर मिळू द्या, मखराचे मग बघू,’ आणि सगळे हसले. हसणाऱ्यांत मीही होतो.

आमची मूर्ती दीड फुटाची, शाडूची असते. आरतीला निम्मे लोक चौकात उतरतच नाहीत, आपापल्या गॅलरीतूनच म्हणतात. तिसऱ्या मजल्यावरचा आवाज खाली पोहोचेपर्यंत ठेका किंचित मागे पडतो, म्हणून झांज वाजवणाऱ्याला मान वर करून वरच्यांशी जुळवून घ्यावे लागते. नव्या आराखड्यात चौकही नाही आणि सामाईक गॅलरीही नाही. खाली वाहनतळ, त्यावर पोडियम म्हणजे मोकळी गच्ची आणि एका कोपऱ्यात ‘बहुउद्देशीय जागा’ असे लिहिलेला एक चौकोन एवढेच आहे.

ही जागा करारात पक्की कशी करून घ्यावी? चार-पाच वर्षे सगळे डोंबिवली-विरारकडे पांगलेले असताना उत्सव कसा चालवावा? आणि विक्रीच्या सदनिकांत येणाऱ्या नव्या कुटुंबांना त्यात कसे घ्यावे? ज्यांनी हे अनुभवले आहे, त्यांनी कृपया लिहावे.

उत्तर: जुना कार्यवाह

सही करण्यापूर्वी विचारलेत, हे फार बरे झाले. आम्ही ताबा घेतल्यावर विचारले.

‘सभागृहासाठी जागा देण्यात येईल’ या वाक्यावर समाधान मानू नका. ती जागा कोणत्या मजल्यावर, किती क्षेत्रफळाची आणि कोणाच्या ताब्यात राहील हे करारात असावे. त्याला जोडलेल्या नकाशात ती दाखवलेली असावी आणि महापालिकेकडून मंजूर होऊन आलेल्या नकाशातही ती तशीच आहे ना, हे तुमच्या स्वतःच्या वास्तुविशारदाकडून तपासून घ्यावे. सभागृह सोसायटीचे असेल आणि वर्षातील अमुक दिवस उत्सवासाठी विनामूल्य मिळेल, असेही लिहून घ्या. आमच्याकडे हे राहून गेले. आता आमच्याच गणपतीसाठी आम्ही अनामत रक्कम भरतो.

बारीक गोष्टी तर कोणाच्याच लक्षात येत नाहीत. आमचे सभागृह वातानुकूलित आणि काचबंद आहे. पहिल्याच वर्षी ‘घालीन लोटांगण’ सुरू असताना कापराच्या धुराने आगीची सूचना देणारा भोंगा वाजला आणि सुरक्षारक्षक वाळूची बादली घेऊन धावत आला. तेव्हा उघडता येतील अशा खिडक्या, पाण्याचा नळ, सांडपाण्याची मोरी आणि समया, झांजा, ताम्हण, मखर ठेवण्यासाठी कुलपाचे कपाट हे आत्ताच मागा. चाळीत हे सगळे जिन्याखाली मावत होते, नव्या इमारतीत जिन्याखालीही कोणाची तरी गाडी उभी असते.

मंडळ नोंदणीकृत नसेल तर सार्वजनिक वर्गणी गोळा करण्यासाठी महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, 1950 च्या कलम 41क खाली धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते. चाळीत आपापसांत भागत होते म्हणून अनेक मंडळांना याची सवय नसते.

उत्तर: ठाकूरद्वार ते टिटवाळा

मधल्या वर्षांविषयी लिहितो. आमची इमारत रिकामी झाली त्या वर्षी आम्ही ओळखीच्या एका वाडीतील छोटी जागा मागून घेतली आणि दहा दिवसांचा उत्सव दीड दिवसावर आणला. वर्गणी मोबाईलवरून मागवली. ती जवळजवळ पूर्ण जमली, पण आरतीला मोजून अकरा माणसे होती.

चूक कुठे झाली, ते नंतर उमगले. वर्गणी मागायला दारोदार जाणे हेच मुळात आमंत्रण होते. पावती फाडता फाडता कोण आजारी आहे, कोणाच्या घरी नवे मूल आले आहे आणि यंदा नाटुकल्यात कोणाची मुले घ्यायची, हे सगळे ठरत असे. पुढच्या वर्षी पावतीपुस्तक घेऊन दोघादोघांच्या जोड्या रविवारी लोकलने डोंबिवली, वसई, विरारला गेल्या. पैसे आधीइतकेच जमले, माणसे मात्र चर्नी रोडला उतरून आरतीला आली. परतीच्या गाडीसाठी आरती संध्याकाळी सहाला घ्यावी लागते. त्यावर जुन्याजाणत्यांनी नाके मुरडली, पण आले तेही सहालाच.

उत्तर: पालखीचा भोई

केशवजी नाईक चाळींतील उत्सव 1893 पासून चालत आला आहे आणि लोकमान्य टिळकांनी 1901 मध्ये तिथे भेट दिली होती, हे गिरगावकरांना सांगायला नकोच. तिथली मूर्ती आजही लहान, शाडूची असते आणि पालखीतून पायी चौपाटीवर जाते. उंच मूर्ती आणि भव्य मंडप यांवाचून उत्सव टिकतो, हे तिथे दिसतेच. पण हा दाखला मला तुमच्या बाबतीत अर्धाच लागू वाटतो. तिथे माणसे एकाच आवारात राहत आली, तुमची पांगणार आहेत. म्हणून मूर्ती लहान ठेवण्यापेक्षाही विसर्जनाची वाट गिरगावातूनच ठेवणे मला महत्त्वाचे वाटते. मधल्या वर्षांत मूर्ती कुठेही बसवा, पालखी मात्र जुन्या फाटकासमोर क्षणभर थांबवा, मग ते फाटक पत्र्यांनी झाकलेले का असेना.

उत्तर: खोताच्या वाडीजवळचा शेजारी

नव्या कुटुंबांची फार धास्ती घेऊ नका. आमच्या शेजारच्या खोताच्या वाडीचे नाव पाठारे प्रभू खोतांवरून पडले, तिथली लाकडी सज्जांची घरे बहुतांशी ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांची, आणि आजूबाजूला आमच्यासारख्या मराठी चाळी. नाताळात वाडीत दिवे लागले की आमची मुले तिथेच सापडत. कोणी कोणाचे पाहुणे म्हणून जात नसे. अर्थात त्याला जाता-येता दारे उघडी दिसावी लागतात आणि उंच इमारतीत नेमकी तीच बंद असतात. त्यामुळे नव्या रहिवाशांची पहिली ओळख वर्गणीच्या पावतीने करून देऊ नका. आधी त्यांच्या मुलांना चित्रकलेच्या स्पर्धेला बोलवा आणि बक्षीस घ्यायला आईवडिलांना यायला सांगा. वर्गणी दुसऱ्या वर्षी आपोआप येते.

प्रश्नकर्ता: मागच्या गॅलरीतला

सर्वांचे आभार. काल रात्री मी चौक मोजायला घेतला. मखराचा विनोद करणाऱ्या सभासदांनीच टेपचे दुसरे टोक धरले. उत्सवात प्रत्यक्ष वापरली जाणारी जागा 22 फूट बाय 14 फूट भरली. नव्या आराखड्यातील तो चौकोन याच्या निम्म्याहून लहान आहे.

मग पालखीचे दांडे मोजले, ते साडेआठ फूट आहेत. इतके लांब दांडे उद्वाहनात मावणार नाहीत आणि जिन्याच्या वळणावरही अडतील. पोडियमवरून वाहनांसाठी जो उतार आहे, तिथूनच पालखी खाली आणावी लागेल. म्हणून सभागृह त्या उताराच्या बाजूला हवे, हा मुद्दा संमतिपत्राआधी द्यायच्या पत्रात पहिला घातला आहे. कपाट, मोरी आणि उघडणाऱ्या खिडक्या त्याच्या खालोखाल आहेत. पत्रावर आतापर्यंत 41 सह्या झाल्या असून तिसरा मजला उद्या संध्याकाळी घेणार आहोत.