चाळीच्या पुनर्विकासात वारा कसा तपासावा? सिम्युलेशनबद्दल सल्ला हवा

चाळकरी
लालबागला आमची तीन मजली चाळ आहे. पुढे गॅलरी, मागे स्वयंपाकघराची खिडकी. दोन्हीकडून उघडं ठेवलं की मे महिन्यातही दुपारी आडवं होता येतं. आता पुनर्विकास ठरतोय. बिल्डरच्या नकाशात मधोमध कॉरिडॉर आणि दोन्ही बाजूंना घरं, म्हणजे प्रत्येक घराच्या खिडक्या एकाच अंगाला. सभेत विचारलं तर रंगीत बाणांचं चित्र दाखवून "सीएफडी केलंय, वारा उत्तम आहे" म्हणाले. सीएफडी म्हणजे हवेच्या प्रवाहाचं संगणकावरचं सिम्युलेशन. मी मेकॅनिकल डिप्लोमावाला, गणिताला भीत नाही. या चित्राबद्दल नेमकं काय विचारू? स्वतः करून बघायला कोणतं सॉफ्टवेअर घेऊ? पीएमसीकडे (प्रकल्पाच्या सल्लागाराकडे) महिन्याभरात लेखी हरकत द्यायची आहे. आईला दमा आहे, एसी तिला सोसत नाही.

वातायन
हेच माझं काम, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिलं विचारा: वारा कुठला घेतला? सांताक्रूझच्या नोंदी विमानतळाच्या मोकळ्या जागेवरच्या असतात, १० मीटर उंचीवरच्या. लालबागच्या दाटीत दुसऱ्या मजल्यावर तेवढा वेग मिळत नाही. उंचीप्रमाणे वाढत जाणारा वेग दिला नसेल तर खालच्या मजल्यांचे आकडे फुगतात. शिवाय दिशा. पावसाळ्यात वारा पश्चिम-नैर्ऋत्येचा, उन्हाळ्याच्या दुपारी समुद्रावरून पश्चिम-वायव्येचा, हिवाळ्यात पहाटे जमिनीकडून उत्तर-ईशान्येचा. एकाच दिशेचं चित्र दाखवलं असेल तर बाकीच्यांचीही मागा.

दुसरं, आणि माझ्या मते सगळ्यात मोठं: शेजारच्या इमारती मॉडेलमध्ये आहेत का? इमारत एकटी उभी केली की वाऱ्याकडच्या भिंतीवर दाब आणि मागे ओढ छान दिसते. सेकंदाला ३ मीटर वाऱ्याचा सगळा दाब जेमतेम ५.४ पास्कल. शेजारी टॉवर उभे राहिले की दोन खिडक्यांमधला दाबाचा फरक फार खाली येतो. हवेचा ओघ दाबाच्या वर्गमुळाप्रमाणे चालतो. फरक दहावा हिस्सा उरला तर ओघ साधारण एक तृतीयांश. मॉडेलची हद्दही विचारा. शहरातल्या वाऱ्याच्या सिम्युलेशनसाठी युरोपात केलेल्या कॉस्ट ७३२ सूचनांप्रमाणे इमारतीच्या उंचीच्या ५ पट जागा पुढे, बाजूंना आणि वर, मागे १५ पट.

आणि एका अंगाच्या खिडक्यांचं काय? तिथे सरासरी दाबाचा फरक जवळजवळ नसतोच. हवा बदलते ती झुळकांच्या चढउतारांनी आणि आत-बाहेरच्या तापमानातल्या फरकाने. सरासरी काढणारी नेहमीची आरएएनएस मॉडेलं नेमकी इथेच कच्ची पडतात. एलईएस, म्हणजे मोठे भोवरे क्षणाक्षणाला मोजणारं मॉडेल, बरं, पण महागडं. तेव्हा कोणतं मॉडेल वापरलं, हे लेखी घ्याच.

सॉफ्टवेअर: ओपनफोम फुकट आणि दमदार आहे, पण महिनाभर नुसता मेश (हवेच्या जागेचे बारीक तुकडे पाडणं) शिकण्यात जाईल. तुम्ही कॉन्टॅम घ्या. अमेरिकेच्या एनआयएसटी या सरकारी मानक संस्थेचं आहे, तेही फुकट. खोल्या, दारं, खिडक्या मांडायच्या आणि दोन्ही भिंतींवरचे दाब द्यायचे. एका संध्याकाळी घर उभं राहतं.

उंबरठा
मी आर्किटेक्ट आहे. दादा, सिम्युलेशनआधी नकाशावर पट्टी ठेवा. खिडक्या एकाच बाजूला असतील तर खोलीच्या उंचीच्या साधारण अडीच पटीपर्यंतच हवा नीट खेळते, २.९ मीटर उंचीला जेमतेम ७ मीटर. आरपार असेल तर पाच पटीपर्यंत.

खिडकीचं क्षेत्रफळही बघा. २०१८ च्या इको-निवास संहितेत (घरांमधल्या ऊर्जाबचतीच्या नियमावलीत) उष्ण-दमट हवामानासाठी *उघडणारा* भाग कार्पेट एरियाच्या किमान १६.६६ टक्के सांगितलाय. बिल्डर स्लायडिंग लावतात, ती अर्धीच उघडते. मग तेवढाच भाग मोजा.

आर्किटेक्ट चार्ल्स कोरियांची कंबाला हिलवरची कांचनजंगा ही उंच इमारत (१९८३) बघून या. मुंबईत वारा हवा तर पूर्व-पश्चिम तोंड, पण तिकडूनच दुपारचं ऊन आणि पाऊस. म्हणून त्यांनी दोन मजली उंचीच्या बागा कोपऱ्यांत खोदल्या. इमारत श्रीमंतांची असली तरी घर आरपार ठेवण्याचं तत्त्व आपल्या चाळीचंच. एका लिफ्टभोवती घरं कमी, कॉरिडॉरला मध्ये मोकळ्या फटी, एवढं मागता येईल.

माहीम_किनारा
आम्ही यातून गेलोय. नव्या घरात मुख्य दार लावलं की वारा थांबायचा. आमच्या चित्रात सगळी आतली दारं उघडी धरलेली होती, हे नंतर कळलं. रात्री बेडरूमचं दार बंद, खिडकीला मच्छरदाणीची जाळी, असं कोण दाखवणार? तुम्ही तोच प्रसंग मागा. आम्ही सेफ्टी डोअरला जाळी करून घेतली. कॉरिडॉरच्या टोकाला खिडकी होती म्हणून उपयोग झाला, नाहीतर नुसता शेजारचा फोडणीचा वास.

वातायन
अगदी बरोबर. आणखी एक: "वारा किती" यापेक्षा "कुठल्या नकाशात जास्त" हे उत्तर जास्त भरवशाचं असतं. म्हणून त्याच वाऱ्यात, त्याच शेजारात दोन नकाशांची तुलना मागा. चाळ पाडायच्या आधी मोजून घ्या. वाऱ्याचा वेग मोजणारा हॉटवायर अॅनिमोमीटर भाड्याने मिळतो, दिशेला उदबत्ती पुरते. आधी चाळच कॉन्टॅममध्ये उभी करा. आकडे जुळले तर नव्या घराचे मानता येतील.

चाळकरी
सगळ्यांचे मनापासून आभार. रविवारी गॅलरीच्या दारात आणि मागच्या खिडकीत मोजतो: सकाळी सहा, दुपारी चार, रात्री दहा. आकडे इथेच टाकतो. उंबरठा ताई, खिडक्यांच्या हिशेबासाठी नव्या घराचा नकाशा पाठवला तर बघाल का?

उंबरठा
पाठवा. खिडक्यांच्या तपशिलाचं पानही जोडा, नुसत्या प्लॅनवरून स्लायडिंग की कब्ज्याची ते कळत नाही.